आधी आवाज, मग वाट

झुंबरआक्काच्या नवऱ्याचे डोळे गेले तेव्हा तिच्या माहेरची माणसं गाडी जुंपून तिला न्यायला आली होती. तिचं वय तेव्हा जेमतेम वीस. मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ म्हणाला, "चल, आंधळ्याच्या संसारात काय ठेवलंय?" आक्कानं त्यांच्या बैलांना पाणी दाखवलं, भावांना पोटभर पिठलं-भाकरी वाढली आणि गाडीत कडब्याच्या पेंढ्या भरल्या. "रिकामी गाडी न्यायला लाज वाटंल म्हणून भरून देऊन राह्यले," ती म्हणाली. "मी काई येत न्हाई."

हे मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलं. मी या घरात धाकटी सून म्हणून आले ती पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात. आमचं गाव काळेगव्हाण, बदनापूर स्टेशनाच्या अलीकडे, माळाच्या पोटाला चिकटलेलं. एकाच अंगणात दोन चुली होत्या. एक माझी आणि माझ्या मालकांची, म्हणजे भुजंगरावांची. दुसरी आक्काची आणि रामकिसन भावजींची.

भावजींना देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. पण मी आले तेव्हा ते आंधळे आहेत हे मला पहिले दोन दिवस कळलंच नव्हतं. सकाळी तोंड धुऊन ते एकटे निघायचे, नीट रस्त्यानं शेतातल्या विहिरीवर जायचे, तिथं लिंबाखाली बसून अंबाडीचे दोर वळायचे. कासरे, दावी, मोटेचा नाडा, जे म्हणाल ते. त्यांचा वळलेला नाडा बदनापूरच्या बाजारात लोक नाव घेऊन मागायचे. ऊन उतरलं की एकटेच परत यायचे. हातात काठी असायची, पण ती कुत्र्यांसाठी.

एकदा मी आक्काला विचारलं, "यांना कळतं कसं?"

"त्यांना गाव दिसत न्हाई, ऐकू येतं," आक्का म्हणाली. "लोहाराची ऐरण डाव्या कानाला आली की वळायचं. फुडं पिंपळ. पानं सळसळली की नाला आला. मंग विहिरीच्या रहाटाची कुईं धरून सरळ चालायचं."

मी डोळे मिटून पाहिलं. दहा पावलांत शेणाच्या पाटीत पाय घातला. आक्का एवढी हसली की तिला बसावं लागलं.

शेत आक्काच करायची. पेरणीच्या वेळी पाभरीमागं तीच चालायची. बायकांनी पाभर धरायची नाही असं गावात म्हणत, पण तिला तोंडावर म्हणणारा कोणी नव्हता. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला मात्र हळू. आवाज चढवून बोललेली मी तिला पाहिलीच नाही. भांडणातसुद्धा ती आवाज खाली आणायची, आणि समोरच्याला ऐकायचं असेल तर त्यालाच गप्प व्हावं लागायचं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या माळावर खदान सुरू झाली. रेल्वेच्या रुळाखाली घालायला खडी पाहिजे होती आणि आमच्या माळात काळा दगड अमाप. जालन्याच्या शिवनारायण शेठांनी ठेका घेतला. आधी हातानं फोडायचं काम होतं. गावातल्या बायका घण-हातोडे घेऊन बसायच्या, सुरुंग कधीतरी उडायचा, एवढंच. दुष्काळी सालात हाताला काम आलं म्हणून सगळे खूश. मग शेठांनी यंत्र आणलं. मोठ्या लोखंडी जबड्यात दगड टाकायचे, जबडा ते चावायचा, खालून पत्र्याच्या पन्हळीतून खडी घरंगळत गाडीत पडायची. गावानं त्याला नारळ फोडला. मीही हळद-कुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं आणि आम्हाला कळलं आपण कशाला कुंकू वाहिलं ते.

धाड-धाड-धाड करणारं इंजिन, त्यावर दगड चावण्याचा कडकडाट, त्यावर पत्र्यावर पडणाऱ्या खडीचा खणखणाट. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. जात्यावरची बाई समोरच्या बाईला हातवारे करून सांगू लागली. आमची म्हैस पान्हा चोरू लागली. शाळेच्या मास्तरांचा घसा बसला. देवळात पोथी वाचणारे महाराज म्हणाले, आता देवच कान देऊन ऐकत असेल तर असो. लोक आधी हसत, मग चिडत, मग ओरडून बोलायची सवयच लागली. घराघरांत भांडण नसताना भांडणाचा आवाज.

भावजींचं मात्र निराळंच झालं. पहिल्याच आठवड्यात ते विहिरीकडे निघाले. लोहाराची ऐरण ऐकू येईना. पिंपळ ऐकू येईना. अंदाजानं वळले ते खडीच्या गाड्यांच्या रस्त्यावर गेले. समोरून भरलेली गाडी उतारानं येत होती. गाडीवान जिवाच्या आकांतानं ओरडत होता, पण ते ऐकणार कोण? बैलांनीच अंग चोरलं म्हणून वाचले. जुवाचा दणका खांद्याला बसला आणि ते खडीत पडले.

त्यांना बाजेवर घालून आणलं. हाड बसवणाऱ्यानं खांदा बसवला. आक्का तेल चोळू लागली. तेव्हा भावजी बोलले.

"गाडीवान वरडत व्हता म्हणं. मला ऐकूच आलं न्हाई, झुंबर. देवीनं डोळे नेले तवा कान ठिवले व्हते. ह्या इंजिनानं आता तेबी नेले."

खांदा बरा झाला, पण ते अंगणाबाहेर पडेनात. ओट्यावर बसून दोर वळायचे, आणि तो दोरही सैल येऊ लागला. पीळ बसताना अंबाडीच्या वाखाचा करकर आवाज होतो, त्यावरून त्यांना कळायचं किती वळलं ते. आता तेही कळेना. एकदा मी पाणी द्यायला गेले तर माझी चाहूल लागली नाही म्हणून ते दचकले, तांब्या सांडला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी तोंड फिरवलं.

त्या दिवशी आक्का पदर खोचून खदानीवर गेली. मी तिच्या मागं गेले. कामावर देखरेख करायला शेठांचा पुतण्या गौतमचंद होता. औरंगाबादला कॉलेजात शिकलेला, मवाळ पोरगा. त्यानं आम्हाला बसायला खाट दिली.

"बाई, दगड फोडायचा म्हणजे आवाज होणारच," तो ओरडून म्हणाला. "हा काई कापूस न्हाई."

आक्का त्याच्या कानाजवळ जाऊन बोलली. "आवाज करूच नका असं मी म्हणत न्हाई. एवढा कशाला पायजे, ते इचारते."

गौतमचंदनं इंजिनाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्यानं तोवर असा विचारच केला नव्हता. "काकाजींना इचारावं लागंल," एवढंच तो म्हणाला.

आक्कानं गोष्ट चावडीवर नेली. सरपंच होते पुंजाराम पाटील. त्यांचं म्हणणं, "मला तर घरात काई तरास न्हाई बुवा. तुम्ही बायका उगं बाऊ करता." त्यावर काही बोलायच्या आत सगुणाबाई उठली. सगुणाबाई खदानीवर दगड भरायची, नवरा वारलेला, पदरात चार लेकरं.

"खदान बंद झाली तर माझ्या लेकरांना तुझ्या नवऱ्याचे दोर चघळायला देऊ का?" ती कडाडली. मागच्या बायकांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, जमीनवाल्यांना काय, त्यांची कणगी भरलेली.

"बंद करा असं मी कवा म्हणले?" आक्का म्हणाली. पण ती नेहमीसारखी हळू बोलली, आणि बाहेर यंत्र चालू होतं. तिचं वाक्य पहिल्या ओळीच्या पलीकडे गेलंच नाही. लोक उठून गेले. तिनं खदान बंद करायला सांगितली असंच गावभर झालं.

घरी येऊन आक्का चुलीपुढं बसली. मला वाटलं आता ही खचली. भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "उषे, उद्या यांना घेऊन गावात फिरू."

"कशाला?"

"आवाज कुठं किती हाय ते बघायला. आपल्याला तरी कुठं ठावं हाय?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं भावजींचा हात धरला आणि आम्ही गल्ली-गल्ली हिंडलो. प्रत्येक घराच्या अंगणात भावजींना उभं करायचं, आक्का त्यांच्यापासून लांब जायची आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलायची. "आज भाजी कशाची करू?" भावजी म्हणाले "वांग्याची" तर ऐकू आलं. गप्प राहिले तर नाही. मग ती एक-एक पाऊल जवळ यायची. पहिल्या गल्लीत लोक दारात उभे राहून हसले. दुसऱ्या गल्लीत त्यांचे त्यांनीच करून पाहायला सुरुवात केली. म्हातारे कानामागं हात धरून उभे, त्यांच्या सुना लांबून "मामंजी, च्या घेता का?" म्हणतायत, असं गावभर चाललं. मजा वाटू लागली लोकांना.

सगुणाबाईच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा ती कामावरून जेवायला आली होती. तोंड वाकडं केलं, पण हाकललं नाही. तिचं घर यंत्राच्या अगदी तोंडासमोर. आक्का भावजींच्या हाताच्या अंतरावर येऊन उभी राहिली, तरी त्यांना शब्द कळेना. झोळीत सगुणाबाईचं धाकटं लेकरू किरकिरत होतं.

"हे दिवसा निजतं का?" आक्कानं विचारलं.

सगुणाबाईनं झोळीला झोका दिला. मग खाली बसली. "निजत न्हाई, आक्का. अन् मला तर यंत्र बंद झाल्यावरबी कानात शिट्टी वाजून राह्यली. कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील जाऊ नको कामाला."

"कामाला जायचं," आक्का म्हणाली. "काम बी पायजे, नीज बी पायजे. दोन्ही मागू."

खरं नवल पुढंच होतं. पुंजाराम पाटलांचं घर सगळ्यात टोकाला, खदानीला सगळ्यात जवळ. आम्हाला वाटलं तिथं तर कान फुटतील. आक्का अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बोलली, "आज भाजी कशाची करू?" आणि भावजी लगेच म्हणाले, "रोज रोज काय इचारती, वांग्याचीच कर!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पाटलांची बायको सोनूबाई म्हणाली, "आमच्याकडं हे असंच हाय. मी तर दुपारची निजते." म्हणजे पाटील खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच त्रास नव्हता.

आम्ही घराच्या मागं गेलो. तिथं मुरमाचा ढीग होता, घराच्या आढ्याएवढा. खदान उघडताना दगडावरची माती आणि मुरूम काढून त्यांनी तिथं टाकला होता. आक्का ढिगावर चढली. वर उभी राहिली तर आवाजानं तिनं कान झाकले. उतरून ढिगाआड आली तर हात खाली. पुन्हा चढली, पुन्हा उतरली. मग पाटील स्वतः चढले. धोतर सावरत वर गेले, खाली आले आणि म्हणाले, "च्यायला, ह्यो ढीग माझ्या घराला राखून राह्यला व्हय!"

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत कळली. एकदा जबड्यात दगड अडकला. चावणं बंद, खडी बंद, इंजिन मात्र चालू. ओट्यावर बसलेले भावजी म्हणाले, "कडकड थांबली, पण धाड-धाड हाय तशीच. खरा दांडगा तोच हाय." आम्हालाही ते पटलं. म्हणजे सगळ्यात आधी इंजिनाच्या धुराड्याचं काहीतरी करायला पाहिजे.

पण ऐकणार कोण? गौतमचंदनं काकांना सांगितलं होतं म्हणे, शेठ हसले होते. आणि मग पावसानं आम्हाला हात दिला. खडीच्या गाड्या नाल्याच्या रस्त्यानं बदनापूरच्या मालधक्क्यावर जायच्या. श्रावणात तो रस्ता चिखलानं गिळला. गाड्या आसापर्यंत रुतू लागल्या, एका बैलाचा पाय मोडला. रेल्वेला खडी वेळेवर पाहिजे. कोरडा, मुरमाड, सरळ रस्ता एकच होता, आणि तो आमच्या शेताच्या बांधावरून जात होता. बांध भावजींच्या वाटणीचा.

शिवनारायण शेठ स्वतः जीप घेऊन आले. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्यावर पिवळी पगडी, बोलायला गोड माणूस. माझ्या मालकांना आनंद झाला. "चांगलं भाडं मागू," ते मला आत येऊन म्हणाले. आक्कानं ओट्यावर घोंगडी अंथरली, चहा ठेवला आणि समोर बसली.

शेठ ओरडून म्हणाले, "बाई, वाट पाहिजे तुमच्या बांधावरून. भाडं तुम्ही सांगाल ते."

आक्का काहीतरी बोलली. शेठ म्हणाले, "काय?" ती पुन्हा बोलली, तशीच हळू. शेठांनी कानामागं हात धरला. "क्या बोली?" माझे मालक ओरडून सांगायला पुढं झाले तर आक्कानं त्यांना हातानं थांबवलं. पुन्हा तेच बोलली. तिचे ओठ हलत होते आणि शब्द आम्हाला घरातल्यांनाही कळत नव्हते. शेठ घोंगडीवरून पुढं सरकले, आणखी सरकले, चहा कोटावर सांडला.

शेवटी वैतागून त्यांनी ड्रायव्हरला माळावर पिटाळलं. "जा, बोल गौतमला, जल्दी बंद कर ते!"

यंत्र बंद झालं.

गाव एकदम उघडल्यासारखं झालं. नाल्याचं पाणी ऐकू आलं. कुणीतरी घरात भांडं घासत होतं, ते ऐकू आलं. ओट्यावर बसलेल्या भावजींनी मान वर केली आणि ते पाणी पीत असल्यासारखे नुसते ऐकत राहिले. शेठ त्यांच्याकडे बघत होते.

"आता बोला बाई," शेठ म्हणाले. त्यांचाही आवाज आपोआप खाली आला होता.

"हेच ऐकवायचं व्हतं, शेठजी," आक्का म्हणाली.

शेठ हसले नाहीत. तिनं मग सगळं सांगितलं. मुरूम तुम्हाला काढावाच लागतो, तो कुठंतरी टाकावाच लागतो. तो गावाच्या बाजूनं टाका, पाटलांच्या ढिगापासून पार सगुणाबाईच्या घरापर्यंत, अखंड. इंजिनाच्या धुराड्याचं तोंड गावाकडं आहे, ते जमिनीत घाला नाहीतर कुठं घालायचं तिथं घाला. पत्र्यावर काहीतरी अंथरा. आणि सुरुंग उडवायच्या आधी माणूस पाठवून गावाला सांगा.

"अन् भाडं?" शेठांनी विचारलं.

"भाडं नको. आधी आवाज, मंग वाट."

माझ्या मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. घरात येऊन ते माझ्यावरच चिडले, जणू मीच बोलले होते. मी म्हटलं, "बांध त्यांच्या वाटणीचा हाय. तुम्ही तुमच्या भावाचं तोंड बघितलं का आत्ता?" दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन मुरमाच्या कामावर तेच पहिले गेले.

शेठांनी होकार दिला. त्यांना त्यात तोटा नव्हता, खोळंबलेल्या गाड्या हलायच्या होत्या. मुरूम ओढायला जास्तीची माणसं लागली आणि ज्या बायका चावडीवर आक्कावर तुटून पडल्या होत्या त्यांनाच ते काम मिळालं. सगुणाबाई टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढं. मुरमाचा बांध रोज थोडा थोडा वाढायचा. बायका वर मुरूम ओतायच्या आणि खाली येऊन कान देऊन बघायच्या.

इंजिनाचा तोडगा गौतमचंदनं सांगितला. जालन्याच्या एका जिनिंगमध्ये त्यानं पाहिलं होतं. धुराड्याची नळी जमिनीतल्या खड्ड्यात सोडतात, खड्ड्यात मोठे दगड रचतात, आवाज दगडांत जिरतो, धूर वरच्या भोकातून निघतो. "मी हे आधीच सांगायला पायजे व्हतं," तो आक्काला म्हणाला. आक्का म्हणाली, "आता सांगितलं न्हवं? बराबर हाय."

पण पहिला खड्डा फसला. तो लहान झाला, नळी अरुंद पडली. इंजिन चालू केलं तर धूर उलटा फिरला, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. इंजिनावरचा मिस्त्री भडकला, म्हणाला माझं इंजिन मारायला निघाले. ते उघडून साफ करेपर्यंत काम ठप्प. पुन्हा कुजबूज सुरू झाली, बघा, बाईच्या नादी लागून काय झालं. शेठांचा निरोप आला की हे बिलकुल बंद करा आणि धुराडं होतं तसं लावा.

आक्का मिस्त्रीकडे गेली. त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन. तो जेवेपर्यंत ती बसून राहिली. मग म्हणाली, "दादा, इंजिनाला श्वास घ्यायला किती जागा लागती, ते तुम्हालाच ठावं. तुम्ही सांगाल तेवढा खड्डा आम्ही खणतो." मिस्त्रीनं हात धुतले, काठीनं जमिनीवर रेघ ओढली. पहिल्या खड्ड्याच्या तिप्पट. "इतना," तो म्हणाला. "अन् नळी मी मोठी आणतो."

शेठांच्या निरोपाप्रमाणे धुराडं तेवढ्यापुरतं होतं तसं लावून यंत्र चालू ठेवलं, आणि बाजूला खडक फोडून तो खड्डा खणायला सगळं गाव लागलं. पुंजाराम पाटलांनी स्वतः पहार धरली. दगड सैल रचले, मिस्त्रीनं नवी नळी बसवली.

पत्र्याच्या पन्हळीसाठी आक्कानं घरोघर जाऊन मोटेची जुनी कातडी मागितली. फाटलेल्या मोटा सगळ्यांकडे पडून होत्या. ती पत्र्यावर अंथरली. खणखणाट गेला, पण कातडी महिनाभरही टिकली नाहीत, खडीनं चिंध्या केल्या. मग गौतमचंदनं जालन्याहून मोटारीचे जुने टायर आणले, कापून पत्र्यावर ठोकले. ते टिकले.

नव्या खड्ड्यावर इंजिन चालू करायचं ठरलं त्या दिवशी शेठही आले. गाव माळाच्या खाली जमलं. मिस्त्रीनं दांडा फिरवला. चाक फिरलं, पट्टा फिरला, जबडा हलला. आम्ही सगळ्या बायका कानावर हात न्यायच्या बेतात उभ्या होतो, ते हात तसेच राहिले. धाड-धाड नव्हतीच. जमिनीखालून कुणीतरी उखळात कांडतंय असा जाड, दबका हुंकार. दगडाचा कडकडाट होता, नाही असं नाही, पण तो मुरमाच्या बांधापलीकडे राहिला.

"चालू झालं का?" एका म्हातारीनं विचारलं, आणि सगळे हसले. तिनं साध्या आवाजात विचारलं होतं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं होतं, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात सगुणाबाईनं माझा दंड धरला. "उषा, तिकडं बघ."

भावजी अंगणातून बाहेर पडले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. कोपऱ्यावर आले, थांबले, मान जराशी डावीकडं वळवली. लोहार गर्दीत आमच्याबरोबर उभा होता. त्याला काय सुचलं कोण जाणे, तो धावत भट्टीकडं सुटला आणि ऐरणीवर घण घालू लागला. भावजी वळले. बरोबर वळले. पिंपळाखाली आले. सगळं गाव श्वास धरून बघत होतं, आणि आक्का एका जागी उभी होती. नाला ओलांडून ते आमच्या शेताच्या बांधापर्यंत चालत आले आणि खदानीचं यंत्र मागं चालूच होतं.

बांधावर शेठ रस्ता बघायला येऊन उभे होते. त्यांच्या खाकरण्यावरून भावजींना कळलं.

"शेठजी," ते म्हणाले, "तुमच्या गाड्या जाऊ द्या इथून. आता मला चाकं ऐकू येतील."

शेठांनी पगडी सावरली. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण गर्दीतून एकदम आरोळी उठली. पुंजाराम पाटलांनी गुलाल मागवला होता म्हणे यंत्राला वाहायला. तो यंत्राला न वाहता आक्काच्या कपाळाला लागला, मग सगुणाबाईच्या, मग मिस्त्रीच्या दाढीला, मग शेठांच्या पांढऱ्या धोतराला. आक्का हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि हसताना तिचा आवाज मोठा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असेल.

गाड्या त्याच दुपारपासून आमच्या बांधावरून जाऊ लागल्या.

पुढच्या निवडणुकीत गावानं आक्काला पंचायतीत घेतलं. ती नको म्हणत होती. पुंजाराम पाटील म्हणाले, "तू न्हाई म्हणलीस तरी तुझं नाव घातलंय." शेठांनी माळाच्या पलीकडं दुसरं यंत्र लावलं तेव्हा मुरमाचा बांध आधी उभा राहिला, यंत्र मागाहून आलं, आणि ते सांगायला कुणी गेलं नव्हतं. भावजींच्या दोरांना पुन्हा पीळ आला. सगुणाबाईचं धाकटं दिवसा एवढं निजायचं की ती तक्रार करायची.

मग बोलावणी येऊ लागली. साठ सालच्या उन्हाळ्यात मंठ्याकडच्या एका गावची माणसं गाडी घेऊन दारात आली. त्यांच्याकडं रस्त्याच्या खडीसाठी खदान निघाली होती, वस्तीला लागून. ठेकेदार ऐकत नव्हता. गावातले मजूर आणि शेतकरी एकमेकांच्या उरावर बसले होते. "बाई, तुम्ही या, एकदा सांगा त्यांना," ते म्हणाले.

आक्का म्हणाली, "मी एकटी काय येऊ? सगुणालाबी घ्या. मजुरांचं तिलाच कळतं."

आम्ही तिघी गेलो. भावजीही आले, मंठ्याचा बाजार ऐकायचा म्हणून. उन्हात माळावर ठेकेदार, त्याचा कारकून, पाच-पन्नास माणसं जमली होती. सगळे एकदम बोलत होते, यंत्र धडधडत होतं. आक्का गाडीतून उतरली, धुळीनं भरलेला पदर झटकला आणि गर्दीतून सरळ ठेकेदारापुढं जाऊन उभी राहिली. ती काहीतरी बोलली. ठेकेदारानं कानामागं हात धरला.

"काय म्हणालात बाई?"

आक्का थांबली. आसपासचे गप्प होईपर्यंत थांबली.

"म्हणले, तुम्ही मुरूम कुठं टाकता, ते आधी दाखवा."